कट शिजला

स्वयंपाकावर टीका करण्याचा मला पंचेचाळीस वर्षांचा अनुभव आहे. स्वयंपाकाचा मात्र अजिबात नाही. समीक्षकाला एवढी पात्रता पुरते असं मी ऐकून आहे. नाटकांवर लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी तोंडाला रंग लावलेला असतो? मग आमटीवर बोलणाऱ्यानं फोडणी घातलेली असलीच पाहिजे, हा आग्रह कशासाठी?

त्यातून माझी सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शन खात्यात गेली. दुसऱ्यानं घाम गाळून केलेला जॉब हातात घ्यायचा, त्याला गेज लावून बघायचा आणि 'रिजेक्ट' म्हणून बाजूच्या लाल पेटीत टाकायचा, हे काम मी आठ तास पगारी करत असे आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा तासभर बिनपगारी. "मीठ आज चढलंय." "डाळ घोटली नाहीस का?" "आईच्या हातची चव काही येत नाही." ही माझी तीन ठरलेली वाक्यं. चांगल्या जॉबवर आम्ही कधी काही लिहीत नसू. तो मुकाट्यानं पुढच्या खात्यात जायचा. घरातही तोच नियम. आमटी चांगली झाली की मी काही न बोलता जेवायचा.

असं सगळं सुरळीत चाललं असताना यंदा होळीच्या आधी पंधरा दिवस हिचा पाय न्हाणीघरात घसरला आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. घरी येईपर्यंत मला हिच्या हाताची काळजी होती. घरी आल्यावर, स्वयंपाकघराचा दिवा बंद दिसला तेव्हा, स्वतःच्या पोटाचीही वाटू लागली. खोटं कशाला बोलू!

कुटुंबाची बैठक बसली. मुलगा चाकणला कारखान्यात, आठवड्याआठवड्याला शिफ्ट बदलणारा. सून हिंजवडीला, सकाळी आठला बाहेर पडते ती रात्रीच उगवते. नात कॉलेजात. आणि मी, निवृत्त आणि निरुपयोगी. डबा लावायचं ठरलं. चार दिवस डबा आला. चौथ्या दिवशी मी डब्यातल्या आमटीबद्दल सविस्तर मत मांडू लागलो, तेव्हा ही गळ्यात हात अडकवून समोर बसली होती. शांतपणे म्हणाली, "अहो, मग तुम्हीच करा ना."

पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदा उच्चारलं. आजवर का उच्चारलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

नातीला मात्र उत्साहाचं भरतं आलं. "आबा, आपण दोघं शिकू या. पण अगदी बेसिक्सपासून. मोठे शेफ आधी स्टॉक करायला शिकवतात."

स्टॉक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मार्चअखेर उभी राहिली. स्टोअरमध्ये शिडीवर चढून नटबोल्ट मोजायचे आणि रजिस्टरशी जुळले नाहीत की पुन्हा मोजायचे. मी म्हणालो, "डाळतांदळाचा स्टॉक पुष्कळ आहे. तो मोजून काय करायचा?"

तिनं मला समजावून सांगितलं. हाडं किंवा भाज्यांची देठं, कांदा, गाजर असं पाण्यात घालून मंद आचेवर तासन्‌तास उकळायचं, वरचा फेस काढत राहायचं आणि ते पाणी गाळून घ्यायचं. पुढं सूप करा, रस्सा करा, सॉस करा, सगळ्याचा पाया तोच. फ्रेंच लोक त्याला 'फाँ' म्हणतात, म्हणजे तळ किंवा पाया. एस्कॉफिये नावाच्या त्यांच्या आचार्यानं १९०३ साली जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याची सुरुवातच ह्या पाण्यानं होते.

ही ऐकत होती. म्हणाली, "त्यात एवढं काय? आम्ही त्याला कट म्हणतो."

कट शिजतो तो फक्त राजकारणात, अशी माझी तोवर समजूत होती. तो आपल्याच घरात दर होळीला शिजत होता आणि मी त्याचे भुरके मारत होतो, हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे कटाची आमटी मला ठाऊक होती. पण 'कटाची' या षष्ठीचा अर्थ कधी विचारावासा वाटला नव्हता.

आता मला पुस्तक हवं होतं. इन्स्पेक्शनवाला माणूस ड्रॉइंगशिवाय पाऊल टाकत नाही. तेव्हा हिनं कपाटाच्या वरच्या फळीकडं बोट दाखवलं. तिथं 'रुचिरा' होती. मुखपृष्ठ गेलेलं, पाठीला चिकटपट्टी, आणि पानं हळदीनं पिवळी की वयानं हे सांगणं कठीण. आमच्या लग्नात, १९७९ साली, माझ्या खात्यातल्या मंडळींनी वर्गणी काढून दिलेली. तेव्हा मला तो आहेर फार किरकोळ वाटला होता. शेजारच्या खात्यातल्याच्या लग्नात भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते घड्याळ केव्हाच बंद पडलं, हे आता लक्षात येतं.

तर या पुस्तकाची समीक्षा करायचं मी ठरवलं. हात रिकामे नसले तरी तोंड रिकामं होतंच.

कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' निघाली १९७० साली. योगायोग असा, की त्याच साली आमची पिंपरी-चिंचवड नगरपालिका स्थापन झाली. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. चिंचवड म्हणजे पूर्वी पवनेच्या काठचं, मोरया गोसावींच्या समाधीचं गाव. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना आला, साठीच्या दशकात टेल्को आली, बजाज आली आणि साताऱ्या-सांगलीकडची, नगरकडची, खानदेशातली, मराठवाड्यातली आमच्यासारखी पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन इथं उतरली. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि वर्षा-दोन वर्षांत गावाकडून लग्न करून बायको आणली. पण सासू गावीच राहिली. तिला शेत सोडवेना, म्हैस सोडवेना. पिढ्यान्‌पिढ्या सून स्वयंपाक शिकली ती सासूच्या डोळ्यांच्या धाकात. इथं डोळेच नव्हते. नव्या शहरात पाणी होतं, वीज होती, भोंगा होता, पण सासूचा पुरवठा नव्हता. तेव्हा ती छापून घ्यावी लागली.

कमलाबाई स्वतः शाळा शिकल्या चौथीपर्यंत आणि स्वयंपाक शिकल्या तो सांगलीला, सासूबाईंच्या हाताखाली. पुस्तकाच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या आणि त्यांना लाखभर सुनांची सासू म्हणू लागले. आमच्या हिची आई ती लहान असतानाच गेलेली. लग्न झालं तेव्हा हिला चहा आणि खिचडी एवढंच येत होतं. म्हणजे त्या लाखातली एक आमच्या घरात होती.

मराठीत याआधी पुस्तकं नव्हती असं नाही. रामचंद्र सखाराम गुप्त्यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं. (यातलं सूप म्हणजे हॉटेलातलं नव्हे आणि धान्य पाखडायचंही नव्हे. संस्कृतात वरणाला सूप म्हणतात आणि आचाऱ्याला सूपकार. म्हणजे वरण हाच स्वयंपाकाचा पाया हे आपल्या पूर्वजांनी शब्दातच सांगून ठेवलंय. नातीला हे सांगितलं तेव्हा तिच्या मनात एस्कॉफियेचा भाव जरा उतरला.) पुढं लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र', त्यात एक हजार पाकक्रिया! आमच्या घरी पंचेचाळीस वर्षांत आलटून पालटून चाळीसेक पदार्थ झाले असतील आणि त्यातल्या तीसांवर मी हरकत घेतली असेल.

'रुचिरे'चा मोठा गुण म्हणजे मापं. तोळे नाहीत, ग्रॅम नाहीत. वाटी आणि चमचा. सुरुवातीला मी नाक मुरडलं. कुठली वाटी? आमच्याच घरात चार आकारांच्या वाट्या आहेत. पण मग डोक्यात प्रकाश पडला. वाटी हे माप नव्हेच, ते प्रमाण आहे. एक वाटी डाळीला एक वाटी गूळ म्हटलं की वाटी कुठलीही घ्या, तीच दोन्हीकडं वापरली म्हणजे झालं. ज्या घरात तराजू नाही, त्या घरातही गेज आहे! आमच्या खात्यात ही कल्पना कुणाला सुचली असती तर त्याला बक्षीस मिळालं असतं.

आता दोष. हा एका पुस्तकाचा नव्हे, पाकपुस्तक या जातीचाच आहे. 'चवीपुरते मीठ.' वाचकहो, मी ड्रॉइंग ऑफिसला 'योग्य तेवढा व्यास' असं लिहून पाठवलं असतं, तर त्याच दिवशी फाटकाबाहेर गेलो असतो. 'खमंग भाजावे.' किती खमंग? 'तांबूस होईपर्यंत परतावे.' तांबूस विटेसारखं की पैठणीच्या काठासारखं? 'आच मंद ठेवावी.' आमच्या शेगडीचं बटण डावीकडून किती अंशांत फिरवायचं, हे कुठंच नाही.

पण खरा दोष याहून खोल आहे, आणि तो मला अनुभवानं कळला. ही पुस्तकं पदार्थाच्या नावापासून सुरू होतात. पुरणपोळी, मग साहित्य, मग कृती. पाया कुठंतरी मधल्या ओळीत गाडलेला असतो. मी आणि नात पुरणाच्या तयारीला लागलो. जुनी 'रुचिरा' पान उलटताना फाटेल या भीतीनं मी एका दुसऱ्याच पुस्तिकेचा आधार घेतला होता. तिचं नाव घेत नाही. तीत स्पष्ट लिहिलं होतं, 'डाळ शिजल्यावर पाणी काढून टाकावे.' मी आज्ञाधारक. मोरीवर चाळणी धरली आणि पातेलं उपडं केलं. पिवळंधमक, दाटसर, वाफाळणारं पाणी घळाघळा मोरीत गेलं.

"अहो, कट!" बाहेरून ही ओरडली. तिनं नुसत्या आवाजावरून ओळखलं. पण कट उधळला गेला होता.

चाळणीतल्या डाळीचं पुरण झालं ते झालंच. पण आमटी कशाची करणार? तेव्हा होळीची खरी आमटी जमेपर्यंत रोज तालीम करायची, असं ठरलं. ही मोडा घेऊन दाराशी बसली. नात ओट्याशी, मी हाताखाली. तिचं शिकवणं पुस्तकासारखं नव्हतं. पुस्तक आधी साहित्य सांगतं, ही आधी कान धरायला सांगायची. "आवाज ऐका. खदखद आवाज येतोय म्हणजे आच जास्त आहे. नुसतं गुदगुदलं पाहिजे."

तर वाचकहो, कट असा होतो. दोन वाट्या हरभऱ्याची डाळ दोन-तीन तास भिजवायची. उघड्या पातेल्यात दहा-बारा वाट्या पाणी उकळून त्यात ती सोडायची, चमचाभर तेल आणि हळद घालून. तेल घातलं की उतू जायचं भय कमी. वर फेस येतो तो झाऱ्यानं काढत राहायचा. डाळ बोटांत दाबली की मोडली पाहिजे, पण तिचा लगदा व्हायच्या आत उतरवायची. मग चाळणीखाली दुसरं पातेलं ठेवून (हे 'खाली' महत्त्वाचं) निथळायची. कुकरमध्ये नेहमीच्या बेतानं पाणी घातलं तर सगळं डाळच पिऊन टाकते आणि कट हाती लागत नाही. डाळीचा सगळा अर्क त्या पाण्यात उतरलेला असतो. म्हणून आमटी पातळ असूनही तिला अंग असतं. मग भाजलेलं कांदा-खोबरं वाटून, काळा मसाला, चिंच, गूळ, मूठभर डाळ घोटून, आणि वर हिंग-कढीपत्त्याची फोडणी.

मीठ? शेवटी. आणि इथं माझी समीक्षा मला मागं घ्यावी लागली. कट उकळतो तसा आटतो. किती आटला, यावर मीठ. चिंच किती आंबट निघाली, गूळ किती पडला, यावरही मीठ. ते आधी लिहून ठेवणं शक्यच नाही. 'चवीपुरते' ही पळवाट नव्हे. तो हुकूम आहे, की इथं थांबा आणि चाखा. आणि मी पंचेचाळीस वर्षं ते वाक्य जेवून उठताना म्हणत होतो.

हा कट एकटा नाही, हेही तेव्हाच कळलं. आमच्या कऱ्हाडकडं आई ह्यालाच येळवणी म्हणायची. मला वाटायचं, येळवणी हा वेगळाच पदार्थ. तापातून उठलेल्या माणसाला देतात ते मुगाचं कढण, थंडीतलं कुळथाचं कढण, ही त्याचीच भावंडं. आणि रविवारचं मटण! ती विद्या हिनं पुस्तकातून नव्हे, शेजारच्या कोल्हापूरकर वहिनींकडून घेतलेली. मटण हळद-मीठ, आलं-लसूण लावून परतायचं, वर ताट झाकायचं आणि त्या ताटात पाणी ओतायचं. ते पाणी वाफेवर तापतं आणि तेच आत घालायचं, म्हणजे शिजणाऱ्या मटणाला गार पाण्याचा धक्का बसत नाही. त्यातून जो बिनमसाल्याचा रस निघतो तो अळणी. शब्दाचा अर्थ 'बिनमिठाचं', आणि मीठ तर आत आहेच! त्याच अळणीतून नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा आणि मसाल्याचा तांबडा. उरलेलं वाटीभर पोरांना नुसतं प्यायला. फ्रेंच माणसानं ग्रंथाच्या पहिल्या पानावर ज्याला बसवलं, त्याला आपण पोरांच्या वाटीत ओतून मोकळे झालो. अध्याय काही लिहिला नाही.

होळीच्या आदल्या रात्री मात्र नातीनं हट्टानं 'रुचिरा'च उघडली. पुरणपोळीचं पान आपोआप उघडलं, कारण पुस्तक तिथंच सर्वांत जास्त मोडलेलं होतं. त्यावर तुपाचा एक मोठा डाग आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षर. नातीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

'होळी १९८०. पाणी ओतून टाकू नये. मी टाकलं. ह्यांना कळलं नाही.'

आम्ही हसलो. हीपण हसली. "मग काय, साध्या तुरीच्या डाळीची आमटी करून वाढली होती," म्हणाली.

नात पुढं वाचत गेली. 'होळी १९८१. कट ठेवला. आमटी झाली. सासूबाईंची चव नाही म्हणाले.'

आता मी एकटा हसायचा थांबलो. ते वाक्य म्हटल्याचं मला आठवत नाही. जेवणावरची कुठलीच वाक्यं मला आठवत नाहीत. ती इतकी होती, की आठवण्यात अर्थ नव्हता. पण पेन्सिलीनं त्यातलं एक ठेवून दिलं होतं. वीस-बावीस वर्षांची, आईविना वाढलेली पोर, दोन खोल्यांत, पुस्तकाकडून शिकत होती, आणि समोर लाल पेटी घेऊन मी बसलो होतो.

त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. 'होळी १९८४. आज दोनदा वाढून घेतली. कुणी काही म्हणालं नाही.'

नातीनं विचारलं, "म्हणजे आवडली होती ना, आबा?"

"हो," मी म्हणालो. "चांगला जॉब होता."

ही काही बोलली नाही. डाव्या हातानं पुस्तक ओढून मिटलं आणि म्हणाली, "डाळ भिजवलीत का? उद्या सगळ्यांना सुट्टी आहे."

होळीला पाच जणांच्या हातांनी स्वयंपाक झाला. पोळ्यांचे नकाशे झाले. मुलानं लाटलेली पोळी महाराष्ट्राच्या आकाराची होती, कोकणाची किनारपट्टी फाटलेली. सुनेनं पुरण वाटलं. नातीनं फोडणी दिली आणि फेस काढायला मी उभा होतो, पाऊण तास. हिनं डाव्या हातानं भुरका घेतला. आम्ही चौघं तिच्या तोंडाकडं बघत होतो. निकालाची इतकी धास्ती मला नोकरीतही वाटली नव्हती.

तिनं वाटी पुढं केली. "अजून थोडी."

जेवण झाल्यावर मी पेन्सिल शोधली आणि समासात, १९८४च्या ओळीखाली, सालासकट लिहिलं: 'कट ठेवला. हिनं दोनदा घेतली. आमच्या आईची चव नाही. हिची थोडीशी आली.' अक्षर थरथरलं. फेस काढून हात दुखला होता, हे कारण मी नातीला दिलं.

परवा प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी हात जपायला सांगितलाय, म्हणून पोळ्या अजून सून आणि नात करतात, पण आमटी हिनं आपल्याकडं घेतली. पहिल्या दिवशी मी भुरका मारला आणि सवयीनं तोंड उघडलं. पण आतून वेगळंच वाक्य आलं. "छान झालीय गं आमटी."

ती दचकली. चमचा खाली ठेवून म्हणाली, "का हो? मीठ घालायचं राहिलं का?"

मीठ खरोखरच किंचित कमी होतं. पण ते मी तुम्हाला सांगतोय. घरात बोललेलो नाही.